खानावळीच्या हिशेबातून फंक्शनल रचना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

फंक्शनल प्रोग्रॅमिंग, म्हणजे लहान फंक्शने एकमेकांना जोडून प्रोग्रॅम रचण्याची पद्धत, शिकू लागलेल्या माणसाला मॅप, फिल्टर आणि फोल्ड ही यादीवर काम करणारी तीन फंक्शने पंधरा दिवसांत हाताशी येतात, वीस ओळींचे सराव सुटतात आणि त्यानंतर तो एकदम अडतो. डेटाबेसशी बोलणारा कोड कुठे ठेवायचा, आजची तारीख कोणी वाचायची, चूक झाली तर कोणी सांगायचे आणि फाइली किती व कोणत्या करायच्या, या प्रश्नांची उत्तरे त्या सरावांत नसतात. या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन ती उत्तरे देण्याचा प्रयत्न केला आहे.

उदाहरण सदाशिव पेठेतील एका खानावळीचे आहे. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी आणि माझ्यासारखे हिंजवडीला नोकरी करणारे काही जण मिळून सुमारे 120 सभासद जेवतात. मालकीणबाई, म्हणजे काकू, सगळा हिशेब वहीत ठेवत असत. तो संगणकावर आणण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आणि पहिल्या खेपेला चांगलेच बिघडवले. मी एफ शार्प ही भाषा वापरली. ओकॅमल, हॅस्केल, एल्म किंवा स्काला वापरणाऱ्याला पुढील सर्व गोष्टी जवळजवळ तशाच लागू पडतात. पायथन किंवा जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यालाही त्या पाळता येतात, मात्र तिथे शिस्त कंपायलर (कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) लावत नाही, आपणच लावून घ्यावी लागते.

पहिली पायरी: वही वाचणे

पहिल्या दिवशी कोड लिहू नये. ज्यांचे काम आहे त्यांच्याशेजारी बसून ते कोणते शब्द वापरतात आणि कोणत्या शब्दाने नेमके काय सुचवतात, हे लिहून घ्यावे. मी सुरुवातीला ‘गैरहजेरी’ नावाचा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, बनवला होता, आणि तो चुकीचा होता. न सांगता जेवायला न आलेला विद्यार्थी गैरहजर असतो, पण त्याचा खाडा धरला जात नाही. खाडा म्हणजे आधी कळवलेली आणि काकूंनी मान्य केलेली सुट्टी. पैशांचा संबंध फक्त खाड्याशी येतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये ‘गैरहजेरी’ या गोष्टीची गरजच नव्हती.

वहीवरून निघालेले नियम असे होते. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला 3,600 रुपये. रविवारी रात्री खानावळ बंद. खाडा आदल्या रात्री 8 वाजेपर्यंत कळवला पाहिजे. सलग किमान चार वेळा खाडा असेल तरच सवलत मिळेल आणि ती दर वेळेला 50 रुपये असेल. पाहुण्याच्या ताटाचे 80 रुपये वेगळे. या हिशेबाने सलग दहा मान्य खाडे आणि दोन पाहुणे असलेल्या सभासदाचे बिल 3,600 वजा 500 अधिक 160, म्हणजे 3,260 रुपये होते. अशी पाच-सहा बिले हाताने काढून ठेवावीत, कारण पुढे चाचण्यांसाठी ती लागतातच.

दुसरी पायरी: टाइप लिहिणे

आता फंक्शन न लिहिता फक्त टाइप लिहावेत. मोठ्या फंक्शनल प्रोग्रॅमचा आराखडा टाइपांमध्येच असतो, आणि अनुभवी माणूस अनोळखी प्रकल्प उघडल्यावर प्रथम तेच वाचतो.

टाइप दोन रीतींनी घडतात. एकात अनेक गोष्टी एकत्र असतात, उदाहरणार्थ खाडा म्हणजे सभासदाचा क्रमांक, तारीख आणि वेळ. दुसऱ्यात अनेक पर्यायांपैकी एकच असतो, उदाहरणार्थ वेळ म्हणजे दुपार किंवा रात्र. नवशिके पहिली रीत भरपूर वापरतात आणि दुसरी विसरतात. सभासदाच्या नोंदीत मी ‘चालू आहे का’, ‘रजेवर आहे का’ आणि ‘बंद केले का’ असे तीन हो-नाही रकाने ठेवले होते. तीन रकान्यांच्या आठ जोडण्या होतात आणि त्यांतील तीनच खऱ्या जगात संभवतात. उरलेल्या पाच कधी ना कधी डेटाबेसमध्ये शिरतात, मग प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी त्यांची तपासणी करत बसावे लागते. त्याऐवजी सभासदाची स्थिती हा पर्यायांचा टाइप करावा: चालू, आणि सोबत सुरुवातीची तारीख, रजेवर, आणि सोबत कधीपासून कधीपर्यंत, बंद, आणि सोबत बंद केल्याची तारीख व उरलेली रक्कम. जी अवस्था असू शकत नाही ती लिहिताच येऊ नये, अशी ही मांडणी आहे.

पैशांसाठी पूर्णांकी पैसे वापरावेत. फ्लोट (दशांशी) प्रकारच्या संख्येत 0.1 देखील द्विमान पद्धतीत नेमकेपणाने बसत नाही, आणि महिनाअखेरीस एका पैशाचा फरक शोधण्यात रविवार जातो.

तिसरी पायरी: निर्णयांचा गाभा

ज्या फंक्शनचे उत्तर केवळ त्याला दिलेल्या मूल्यांवर अवलंबून असते आणि जे बाहेरच्या जगात काहीही बदलत नाही, त्याला शुद्ध फंक्शन म्हणतात. सर्व नियम अशाच फंक्शनांत असावेत, तोच प्रोग्रॅमचा गाभा. येथे नवशिक्यांकडून सर्वांत सहज होणारी चूक तारखेची आहे. बिल काढणाऱ्या फंक्शनच्या पोटातच मी संगणकाचे घड्याळ वाचत होतो. ऑगस्टचे बिल 3 सप्टेंबरला पुन्हा काढले तेव्हा थकबाकीचे दिवस बदलले आणि दोन वेगळे आकडे घेऊन एक सभासद काकूंसमोर उभा राहिला. आजची तारीख ही बाहेरून येणारी माहिती आहे, म्हणून ती फंक्शनला बाहेरूनच द्यावी. यादृच्छिक संख्या आणि नवीन पावती क्रमांक यांनाही हेच लागू आहे.

गाभ्याची खरी कसोटी ‘सलग चार’ या नियमाने घेतली. 2025 मध्ये गौरी आवाहन 31 ऑगस्टला, रविवारी होते. एका विद्यार्थिनीने गौरींसाठी गावी जाताना शनिवार रात्र, रविवार दुपार, सोमवार दुपार आणि सोमवार रात्र असे चार खाडे रीतसर कळवले. माझ्या प्रोग्रॅमने तिला सवलत नाकारली, आणि त्याला दोन कारणे होती. पहिले असे की मी आधी महिन्यानुसार खाडे वेगळे करत होतो आणि मग सलगता पाहत होतो, त्यामुळे चारांचे दोन आणि दोन झाले. दुसरे असे की रविवार रात्र मधे आल्याने माझ्या मते सलगता तुटत होती. काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, रविवारी रात्री चूलच पेटत नाही, तो खाडा कसला धरायचा?”

यातून जी रचना निघाली ती सर्वत्र उपयोगी आहे. मोठा नियम एका फंक्शनमध्ये लिहू नये. त्याचे लहान टप्पे करावेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला द्यावे. येथील टप्पे असे आहेत: खाडे क्रमाने लावणे, दुहेरी नोंदी काढणे, सलग खाड्यांचे गट करणे, चारांपेक्षा लहान गट वगळणे, उरलेल्यांतून हव्या त्या महिन्याचे खाडे निवडणे आणि शेवटी मोजून रक्कम काढणे. महिना शेवटून दुसरा आहे हे ध्यानात घ्यावे. टप्पे वेगळे असल्यामुळे ती चूक दुरुस्त करणे म्हणजे एक ओळ वरून खाली नेणे एवढेच उरले.

रविवारच्या प्रश्नासाठी ‘पुढची वेळ’ नावाचे एक छोटे फंक्शन पुरले. त्याला तारीख आणि वेळ दिली की ते जेवणाची पुढील वेळ देते, आणि रविवार दुपारनंतर थेट सोमवार दुपार देते. एका खाड्याची पुढची वेळ हीच दुसऱ्या खाड्याची वेळ असेल तर ते दोघे सलग. खानावळ केव्हा बंद असते हे ज्ञान आता या एकाच फंक्शनपाशी आहे. दिवाळीच्या सुट्ट्या आल्या तेव्हा गट करणाऱ्या फंक्शनला हातही लावावा लागला नाही.

चौथी पायरी: बदलती स्थिती कशी ठेवावी

‘मूल्ये बदलत नाहीत तर सभासदाची थकबाकी बदलते कशी?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर जुन्या मराठी जमाखर्चात तयार आहे. व्यापारी रोजकीर्दीत घडेल तशी नोंद करतो आणि खतावणी, म्हणजे खातेवार हिशेब, तिच्यावरून काढतो. चुकलेली नोंद तो खोडत नाही, तर उलट नोंद करून दुरुस्त करतो.

प्रोग्रॅममध्येही घडलेल्या गोष्टींची यादी ठेवावी: दाखल झाला, खाडा मान्य झाला, पाहुणा जेवला, रक्कम भरली, दुरुस्ती केली. मग एक फंक्शन लिहावे. त्याला आधीची स्थिती आणि एक नोंद दिली की ते पुढची स्थिती देते. यादीवर या फंक्शनचा फोल्ड केला, म्हणजे एकेक नोंद क्रमाने त्याला देत गेलो, की आजची स्थिती मिळते, आणि 15 ऑगस्टपर्यंतच्या नोंदींवर केला की त्या दिवसाची. सरावात संख्यांची बेरीज करण्यापुरता वाटणारा फोल्ड येथे साऱ्या प्रोग्रॅमचा कणा होतो. एवढ्या सभासदांच्या वर्षभराच्या काही हजार नोंदी दर वेळी नव्याने मोजायला संगणकाला जाणवण्याइतका वेळ लागत नाही. नोंदी लाखांच्या घरात गेल्यावर महिनाअखेरची शिल्लक साठवून तिथून पुढे मोजावे, पण तोवर ती उठाठेव करू नये. प्रत्येक प्रोग्रॅमला अशी रोजकीर्द लागतेच असेही नाही. जिथे ‘हे असे का झाले’ असा प्रश्न विचारला जाणार असतो तिथे ती लागते, आणि पैशांच्या बाबतीत तो हमखास विचारला जातो.

पाचवी पायरी: ओसरी आणि माजघर

पेठेतल्या जुन्या वाड्यात आल्यागेल्याशी बोलणे ओसरीवर होत असे आणि घरचे निर्णय माजघरात. फंक्शनल प्रोग्रॅमची रचना याच धर्तीची असते. आत शुद्ध गाभा आणि बाहेर कृती करणारे पातळ कवच, या मांडणीचा प्रोग्रॅमर गॅरी बर्नहार्ट यांनी 2012 मध्ये पुरस्कार केला आणि तेव्हापासून ती बरीच रूढ झाली आहे.

ओसरीवर तीनच कामे होतात: वाचणे, माजघराला विचारणे आणि आलेला निर्णय अमलात आणणे. माजघराचा निर्णय हीसुद्धा एक यादीच असते: हे बिल नोंदवा, या सभासदाला संदेश पाठवा, हे नाव थकबाकीच्या यादीत घाला. गाभा संदेश पाठवत नाही, ‘पाठवा’ असे लिहिलेले मूल्य परत देतो. नेटवर्क नसल्यामुळे संदेश गेला नाही तर पुन्हा पाठवणे ही ओसरीची जबाबदारी. त्यासाठी प्रत्येक बिलाचा क्रमांक सभासद आणि महिना यांवरून ठरवावा, म्हणजे तीच यादी दोनदा अमलात आणली तरी दोन बिले होत नाहीत.

येथे एक अडचण नेहमी येते. निर्णयाच्या मध्यावर आणखी माहिती वाचायची गरज पडली तर काय करावे? माझे मत असे की शक्य असेल तेथे सगळे आधीच वाचून घ्यावे, थोडे वाया गेले तरी चालेल. 120 सभासदांची माहिती काही मोठी नव्हे. माहिती खरोखर अवाढव्य असेल तर निर्णयाचे दोन भाग करावेत: पहिला भाग कोणती माहिती हवी ते सांगतो, ओसरी ती आणते आणि दुसरा भाग निकाल देतो. वाचणारे फंक्शनच गाभ्याला मूल्य म्हणून देण्याचा तिसरा मार्ग आहे, पण तो शेवटी वापरावा, कारण त्यामुळे गाभ्याची शुद्धता त्या फंक्शनच्या भरवशावर राहते.

ओसरीवरून आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची उंबरठ्यावर एकदाच झडती घ्यावी. ‘उद्या दुपारचा खाडा’ असा संदेश किंवा ‘5/8’ अशी तारीख ही नुसती अक्षरे आहेत. त्यांतून खाडा या टाइपचे मूल्य बनवणारे फंक्शन एक तर खाडा देईल नाहीतर चूक देईल. तपासून ‘बरोबर आहे’ एवढेच सांगणारे फंक्शन लिहू नये, कारण तसे केल्यास तपासलेली आणि न तपासलेली अक्षरे दिसायला सारखीच राहतात आणि पुढचे प्रत्येक फंक्शन पुन्हा तपासत बसते.

चुका दोन जातींच्या असतात. ‘खाडा उशिरा कळवला’ ही व्यवहारातली अपेक्षित गोष्ट आहे, म्हणून ती चुकांच्या पर्यायांच्या टाइपमध्ये नावानिशी असावी आणि फंक्शनच्या उत्तरात दिसावी. डिस्क भरली ही अपेक्षित गोष्ट नव्हे, तिच्यासाठी ओसरीवर एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालताना अचानक उद्भवलेली चूक, पकडणे पुरते. अपेक्षित चुका देणारी फंक्शने एकापुढे एक जोडताना पहिल्याच चुकीला साखळी थांबते. एका माणसाच्या एका अर्जासाठी ते योग्य आहे. परंतु महिन्याची सगळी वही एकदम भरताना पहिली चूक दाखवून थांबणारा प्रोग्रॅम काकूंना चाळीस वेळा हेलपाटे घालायला लावतो. तिथे प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचून चुकांची पूर्ण यादी द्यावी. हॅस्केलच्या परिभाषेत पहिली रीत मोनाडची आणि दुसरी ॲप्लिकेटिव्हची. हे शब्द माहीत नसल्याने आज काही अडत नाही.

सहावी पायरी: फाइली आणि मॉड्यूल

नवशिक्याच्या प्रकल्पात हमखास ‘टाइप्स’, ‘युटिल्स’ आणि ‘सर्व्हिसेस’ या नावांच्या फाइली असतात. ही विभागणी कोडच्या जातीवरून झाली आणि कामाच्या विषयावरून झाली नाही, म्हणून एक नियम बदलला की तिन्ही उघडाव्या लागतात. त्याऐवजी पैसे, दिनदर्शिका, खाडा, सभासद, बिल आणि ओसरी अशा फाइली कराव्यात. प्रत्येक टाइप आणि त्याच्यावर काम करणारी फंक्शने एका जागी राहावीत. बदलण्याची शक्यता असलेला एक निर्णय एका मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागाच्या, आड झाकावा, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये मांडले. शैली कोणतीही असो, ते आजही उत्तम मोजमाप आहे.

झाकणे म्हणजे काय, ते पैशांच्या मॉड्यूलवरून दिसते. आत पूर्णांक आहे हे बाहेर कोणालाही कळू देऊ नये. बाहेर फक्त ‘रुपयांपासून बनवा’, ‘जोडा’, ‘वजा करा’ आणि ‘छापा’ एवढीच फंक्शने द्यावीत. मग रुपयांत सभासदांची संख्या मिळवण्याची चूक कंपायलरच अडवतो. ओकॅमलमध्ये यासाठी स्वतंत्र इंटरफेस फाइल लिहितात, हॅस्केलमध्ये मॉड्यूलच्या माथ्यावर बाहेर द्यायच्या नावांची यादी असते आणि एफ शार्पमध्ये टाइपचे पर्याय खासगी ठेवता येतात.

मॉड्यूलांचे परस्परावलंबन एकाच दिशेने असावे. एफ शार्पमध्ये कोडच्या फाइली प्रकल्पात क्रमाने मांडाव्या लागतात आणि आधीची फाइल नंतरच्या फाइलमधील काहीही वापरू शकत नाही. सुरुवातीला हे बंधन जाचक वाटते. पण वरून खाली वाचत गेले की पैसे आधी आणि ओसरी शेवटी, असा सारा प्रोग्रॅम गोष्टीसारखा उलगडतो, म्हणून इतर भाषांतही हा क्रम कागदावर लिहून पाळावा. दोन मॉड्यूलना एकमेकांची गरज भासू लागली तर बहुधा तिसरे मॉड्यूल त्यांच्यात दडलेले असते. माझ्या प्रोग्रॅममध्ये खाडा आणि बिल यांची अशीच गाठ पडली होती, आणि ती ‘दिनदर्शिका’ वेगळी काढल्यावर सुटली.

सातवी पायरी: चाचण्या

गाभा शुद्ध असल्यामुळे त्याच्या चाचण्यांना डेटाबेस लागत नाही. हाताने काढलेली बिले आधी चाचण्यांत घालावीत. त्यानंतर गुणधर्मांच्या चाचण्या लिहाव्यात. कून क्लासन आणि जॉन ह्यूज या संशोधकांनी 2000 मध्ये हॅस्केलसाठी क्विकचेक हे साधन मांडले, आणि आता एफ शार्पसाठी एफएसचेक, पायथनसाठी हायपोथेसिस अशी त्याच वळणाची साधने आहेत. आपण नियम सांगायचा, साधन शेकडो यादृच्छिक उदाहरणे बनवून तो मोडतो का ते पाहते आणि मोडल्यास शक्य तितके लहान उदाहरण समोर ठेवते.

खाड्यांसाठी असे नियम सहज सुचतात. नोंदींचा क्रम बदलल्याने सवलत बदलू नये. तोच खाडा दोनदा आल्याने ती वाढू नये. आणि दोन महिन्यांची सवलत वेगवेगळी काढून मिळवली काय किंवा एकत्र काढली काय, रक्कम तीच यावी. हा तिसरा नियम मी आधी लिहिला असता तर गौरींच्या खाड्यांची चूक पहिल्याच दिवशी सापडली असती.

काय टाळावे

मोनाड ट्रान्सफॉर्मर, फ्री मोनाड किंवा स्वतःची छोटी भाषा अशा प्रगत तंत्रांनी पहिला मोठा प्रोग्रॅम सुरू करू नये. ही हत्यारे कामाची आहेत, पण ज्या दुखण्यावर ती औषध आहेत ते आधी अनुभवावे लागते. फंक्शनांच्या साखळीत दहा-बारा टप्पे झाले की मधल्या उत्तराला नाव देऊन ती तोडावी. एका फंक्शनच्या आत, बाहेर न दिसणारी, बदलती ॲरे वापरून काम वेगाने होत असेल तर ती खुशाल वापरावी, कारण बाहेरून ते फंक्शन शुद्धच राहते. हाती आधीचा प्रोग्रॅम असेल तर तो सगळा नव्याने लिहायला घेऊ नये. त्यातील सर्वांत जास्त वेळा बदलणारा नियम निवडावा, त्यातून तारीख आणि डेटाबेस बाहेर काढावेत आणि तेवढ्या एका फंक्शनला चाचण्या लावून पुढे जावे.

कंपायलरची एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदलावी. पर्यायांच्या टाइपमधला एखादा पर्याय हाताळायचा राहिला तर एल्म तो प्रोग्रॅम स्वीकारतच नाही. एफ शार्प आणि ओकॅमल साधारणपणे केवळ सूचना देतात, आणि सूचना वाचल्या जात नाहीत, म्हणून त्यांना चूक ठरवणारी सेटिंग लावून घ्यावी. गेल्या श्रावणात काकूंनी उपवासाचे ताट सुरू केले. मी ताटाच्या टाइपमध्ये ‘उपवास’ हा पर्याय वाढवला आणि कंपायलरने चार फाइलींतल्या सात जागा दाखवल्या. त्यांपैकी सहा मला आधीच माहीत होत्या. सातवी पाहुण्याच्या बिलात होती: सभासद उपवासाला बसला असेल आणि पाहुणा नसेल, तर पाहुण्याचे ताट कोणते धरायचे? त्याचे उत्तर कोडमध्ये नव्हते, म्हणून संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा ते काकूंनाच विचारले.